मागच्या चाकातील बंद दालन

सायकलच्या ब्रेकाचे रबर झिजले की ते जाता-येता दिसते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर अलीकडे जी डिस्क आली आहे तिचे पॅडही खाली वाकून पाहिले असता नजरेस पडतात. परंतु मागच्या चाकाच्या मध्यभागी जो वाटोळा ड्रम असतो, आणि ज्याच्या भरवशावर आपण मागे बायकोला व पुढे मुलाला बसवून बाजारात जातो, तो आपला सारा कारभार बंद दाराआड चालवितो. त्या कारभाराची खबर बाहेरच्या माणसास तीनच मार्गांनी मिळते : पायाखालच्या पेडलाची चाल, चाकातून येणारा आवाज, आणि ब्रेकच्या प्लेटीवरचा एक लहानसा बाण.

यांपैकी पहिली खबर बदलण्याची सोय निर्मात्यानेच करून ठेवलेली आहे. ब्रेकरॉडच्या टोकाशी असलेला नट दोन आटे आत घेतला की सैल पडलेले पेडल पुन्हा ताठ होते आणि पायाला वाटते की ब्रेक पूर्ववत झाला. वस्तुतः आतल्या लायनरची जाडी केसभरही वाढलेली नसते, केवळ झिजेची वार्ता पायापर्यंत येणे थांबलेले असते. नट फिरविण्यास दुरुस्ती म्हणण्याचा प्रघात असला तरी तिचे खरे नाव मुदतवाढ असे आहे. मुदतवाढ देण्यात गैर काही नाही, ती देण्यासाठीच तो नट आहे. मात्र ती कितव्यांदा देत आहोत आणि मूळ भांडवल किती शिल्लक आहे, याची खातरजमा दालन उघडल्यावाचून होत नाही.

प्रस्तुत लेखकाने हा धडा स्वतःच्या पदरमोडीने घेतलेला आहे. शंभर सीसीची एक जुनी गाडी दोन पावसाळे केवळ नटाच्या जोरावर चालविल्यानंतर तो नट आट्यांच्या अखेरीस येऊन ठेपला, तेव्हा रस्त्याकाठच्या एका मेस्त्रीने आर्मचा बोल्ट काढून, आर्म उपटून पुन्हा ठोकला आणि हात पुसत सांगितले, "काका, आर्म एक दात पुढं घेतलाय. आता वर्षभर बघायचं काम नाही." चार महिन्यांनी आंबोलीचा घाट उतरताना मागच्या चाकातून जात्यात खडा पडल्यासारखा खरखराट सुरू झाला. चाक उतरवून पाहतो तो एका शूचे लायनर मधोमध पार नाहीसे झालेले, उघडे पडलेले ॲल्युमिनियम ड्रमच्या लोखंडी कड्यावर घासून काळे झालेले, आणि त्या कड्यावर नख अडकावे इतके खोल चरे पडलेले. शूच्या जोडीवर जे काम भागले असते त्यासाठी सबंध हब बदलावा लागला. यातील खरी नामुष्कीची गोष्ट निराळीच होती : प्लेटीवरचा बाण खुणेच्या पलीकडे जाऊन कितीतरी दिवस उभा होता, आणि त्याच्याकडे ना मेस्त्रीने पाहिले, ना मी.

दालनाची रचना

आतून पसरून ड्रमला भिडणाऱ्या शूंची ही युक्ती फ्रान्समधील लुई रेनो यांनी १९०२ साली मोटारगाडीसाठी सिद्ध केली, आणि शतकाहून अधिक काळ लोटला तरी तिचे मूळ रूप फारसे पालटलेले नाही. चाकाच्या हबमध्ये एक लोखंडी कडे पक्के बसविलेले असते व ते चाकाबरोबर फिरते. त्याच्या आत, न फिरणाऱ्या प्लेटीवर, अर्धचंद्राकृती दोन शू समोरासमोर मांडलेले असतात, आणि त्यांच्या पाठीवर घर्षण सोसणाऱ्या मिश्रणाचा थर, म्हणजे लायनर, चिकटविलेला असतो. दोन्ही शूंची एकेक टोके एका स्थिर खुंटीवर टेकतात. दुसऱ्या टोकांच्या मध्ये चपट्या डोक्याचा एक कॅम उभा असतो. पेडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉड आर्मला फिरवितो, आर्म कॅमला फिरवितो, आणि चपटा कॅम आडवा होऊ लागताच शू फाकून ड्रमला भिडतात. पाय काढला की दोन स्प्रिंगा त्यांना पुन्हा जवळ ओढून घेतात.

दोन्ही शू दिसण्यास जुळे असले तरी त्यांचे काम सारखे नसते. हातातली काठी पुढे तिरपी टेकवून चालू लागलात तर ती जमिनीत रुतते व तुम्हांलाच अडविते; तीच मागे धरून ओढली तर निमूटपणे सरपटत येते. फिरणारा ड्रम एका शूला पहिल्या काठीप्रमाणे स्वतःकडे ओढून अधिकच घट्ट दाबतो, आणि दुसऱ्याला किंचित दूर लोटतो. पहिल्याला अग्रगामी व दुसऱ्याला अनुगामी शू म्हणता येईल. पायाच्या थोड्याशा जोरात एवढे जड वाहन थांबते त्याचे पुष्कळसे श्रेय या अग्रगामी शूकडे जाते; ड्रम एकाएकी चाक धरतो अशी जी तक्रार ऐकू येते तिचेही मूळ पुष्कळदा तेथेच असते. बुलेटच्या पुढच्या चाकात एकेकाळी दोन कॅम देऊन दोन्ही शू अग्रगामी केलेले असत. मागच्या चाकाला मात्र एकच कॅम पुरतो, कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकाकडे झुकतो, मागचे चाक हलके होते, आणि हलक्या चाकाला जास्त आवळले तर ते थांबण्याऐवजी घसरते.

आता आर्म एक दात पुढे घेण्यात अन्याय कोणता, हे ध्यानी येईल. कॅमच्या दांड्यावर आणि आर्मच्या भोकात बारीक दाते असतात, व त्यांची योग्य जुळणी दाखविण्यासाठी दोहोंवर एकेक ठिपका ठोकलेला असतो. जुळणी बरोबर असेल तर ब्रेक पुरता लागलेल्या अवस्थेत आर्म आणि रॉड यांच्यात जवळजवळ काटकोन राहतो, आणि पायाच्या जोराचे पुरेपूर चीज होते. लायनर झिजल्यावर दात बदलून बाहेरचा हा काटकोन परत मिळविता येतो. आतला कॅम मात्र अधिकाधिक आडवा होत जातो, आणि तो फार कलला तर उलटून शूंना पसरलेल्याच स्थितीत अडकवून ठेवण्याचा, म्हणजे धावत्या गाडीचे मागचे चाक जाम होण्याचा, संभव उत्पन्न होतो. माझ्या गाडीत बाणाची पट्टी एका रुंद दात्याने थेट कॅमच्या दांड्यावर बसविलेली होती. तो रुंद दाता एकाच खाचेत बसत असल्याने आर्म कसाही ठोकला तरी बाणाला खोटे बोलता येत नव्हते. सर्व गाड्यांत अशी योजना नसते, कित्येकांत बाण आर्मवरच ओतलेला असतो, आणि तेथे आर्मचा दात बदलणारा इसम नकळत तो शेवटचा साक्षीदारही फितवून ठेवतो.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडीचा वेग थांबवितो असे आपण म्हणतो. वास्तविक तो वेगाचे रूपांतर उष्णतेत करितो. गाडी, चालक आणि मागे बसणारा मिळून २४० किलो वजन धरले आणि वेग ताशी ६० किलोमीटर मानला, तर पूर्णपणे थांबताना सुमारे ३३ किलोज्यूल ऊर्जा निघते. २० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी उकळीला आणण्यास जवळजवळ एवढीच उष्णता लागते. अर्थात चौकात भरधाव येऊन थांबणारी प्रत्येक मोटारसायकल आपल्या दोन चाकांत मिळून एका कटिंग चहाचे आधण ठेवीत असते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची खाली येते, आणि त्याच वजनाला त्या उतारात जवळजवळ १,१८० किलोज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे पस्तीस कपांचे आधण. यातील काही भाग वारा घेतो, काही इंजिन घेते. पण न्यूट्रल टाकून, पेट्रोल वाचविल्याच्या समाधानात जो घाट उतरतो, तो इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच लादतो.

बंद दालनाला ही उष्णता बाहेर टाकण्यास वेळ लागतो. तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूंपासून दूर सरतो, त्यामुळे पेडल खाली खाली जाते. त्याच वेळी फार तापलेल्या लायनरची पकडही मंदावते. अशा समयी नट आवळण्याचा मोह झाला तरी तो आवरावा, कारण ड्रम थंड होऊन आकसला की आवळलेले शू त्याला घासू लागतात. उतारावर ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, आणि ब्रेक तापलाच तर दहा मिनिटे कडेला थांबावे. पावसाळ्यातील दोष याच्या उलट जातीचा आहे : ओढ्यातून गाडी काढली की आत शिरलेले पाणी लायनर आणि कडे यांच्यात थर धरते आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर पडताच थोडे अंतर पेडल हलके दाबून चालविले की घर्षणाच्याच उष्णतेने तो वाळतो.

चाक उतरविणे

दालन वर्षातून एकदा उघडावे, आणि त्याला मृगाच्या आधीचा रविवार उत्तम, असा माझा अनुभव आहे. साहित्य फारसे लागत नाही : एक्सलच्या व इतर नटांच्या मापाचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, थोडे उष्णता सोसणारे ग्रीस, ब्रेक क्लीनरचा डबा, जुने फडके, बादलीभर पाणी, आणि तोंडावर बांधण्यास मास्क. मास्क ही शोभेची वस्तू समजू नये. पूर्वी लायनरांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे आणि कमअस्सल मालात आजही असू शकते, त्याचे तंतू फुप्फुसात रुतून कर्करोगास कारण होतात. म्हणून ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकणे किंवा पंपाच्या हवेने उडविणे, हा गॅरेजांतला रोजचा रिवाज घरी पाळू नये. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावावी आणि सायलेन्सर थंड असल्याची खात्री करून घ्यावी. प्रथम ब्रेकरॉडचा नट पुरता काढून रॉड आर्ममधून सोडवावा. त्याची स्प्रिंग आणि आर्ममधली आडवी पिन हातोहात हरवतात, म्हणून रॉडवरच पुन्हा ओवून नट चढवून ठेवावा. नंतर प्लेटीला चिमट्याशी, म्हणजे मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्विंगआर्मशी, जोडणारी जी लांब पट्टी असते तिची स्प्लिट पिन सरळ करून काढावी व नट सोडवावा. ही पट्टी दिसण्यात क्षुल्लक, पण अधिकार मोठा : ब्रेक लागताच ड्रम सबंध प्लेटीला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, आणि तिला जागेवर धरून ठेवण्याचे सर्व ओझे या एका पट्टीवर असते. शेवटी एक्सलचा नट काढून एक्सल ओढावा. प्लेटीच्या बाजूचा बुश खाली पडेल तो कोणत्या अंगाने होता हे पाहून ठेवावे. पुष्कळ लहान गाड्यांत चेन आणि तिचे मागचे चक्र चिमट्यालाच राहते आणि चाक हब रबरांवरून बाजूला सरकून मोकळे होते. ज्यांत तशी सोय नाही त्यांत चेन आधी उतरवावी लागते.

आतील तपासणी

प्लेट बाहेर येताच शूंना हात लावण्यापूर्वी ती क्षणभर नुसती पाहावी, आणि स्प्रिंगा कशा लागल्या आहेत याचे एक छायाचित्र घ्यावे. मग दोन्ही शू बाहेरच्या कडांनी धरून, उघडे पुस्तक मिटावे तसे आतल्या बाजूस दुमडले असता खुंटी व कॅम यांवरून एकदम सुटतात. स्प्रिंगा जोरकस असतात, म्हणून तोंड जरा दूर ठेवावे.

लायनरची जाडी, ते जेथे सर्वांत पातळ दिसेल तेथे, मोजावी. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत नव्या लायनरची जाडी ४ मि.मी. आणि झिजेची अखेरची मर्यादा २ मि.मी. दिलेली असते, आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा हाच शेवटचा हुकूम समजावा. शू बदलायचे तर जोडीनेच बदलावेत. लायनर पुरेसे असूनही आरशासारखे चकाकत असेल तर ते भाजून गुळगुळीत झालेले असते, आणि ब्रेकच्या किंचाळण्याचे कारण बहुधा हेच; पॉलिश पेपर सपाट लाकडावर गुंडाळून त्याने वरची चकाकी तेवढी उतरवावी. परंतु लायनरने तेल किंवा ग्रीस प्यायले असेल तर घासण्याचा वा रॉकेलने धुण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. थंडपणी ते कोरडे भासते, आणि तापले की आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. असे शू टाकून द्यावेत, आणि तेल कोठून आले, बेअरिंगच्या फाटलेल्या सीलमधून की मागच्या खेपेस सढळ हाताने भरलेल्या ग्रीसमधून, याचा तपास आधी लावावा.

ड्रमच्या कड्यावरून बोट फिरवावे. बारीक रेषा क्षम्य आहेत. नख अडकत असेल तर व्यास मोजून घेणे अवश्य. ११० मि.मी.च्या ड्रमला सामान्यतः १११ मि.मी.पर्यंत मुभा असते, आणि पुष्कळ गाड्यांत ही कमाल मर्यादा हबच्या आतच उठविलेली आढळते. ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडत असेल तर कडे लंबवर्तुळ झाले आहे असे समजावे. लेथवर ते गोल करून घेता येते, परंतु तेही त्याच मर्यादेच्या आत.

याच वेळी कॅम काढून पाहण्याचा कंटाळा करू नये. आर्म व दांडा यांवरचे ठिपके जुळत आहेत का हे आधी पाहावे, ते दिसत नसतील तर खडूने खूण करावी, आणि मगच बोल्ट सोडवावा. पेडल दाबल्यावर सावकाश परत येते, चाक उगाच तापते, ब्रेक अडकल्यासारखा वाटतो, या तक्रारींत दोष बहुधा शूंचा नसून गंजून जड झालेल्या या दांड्याचा असतो. तो पॉलिश पेपरने साफ करून त्यावर, कॅमच्या चपट्या तोंडांवर आणि खुंटीवर ग्रीसचा हात फिरवावा. हात फिरवावा असेच म्हणतो, कारण येथे ग्रीस पोळीवरच्या तुपाइतके पुरते, पुरणपोळीवरच्या नव्हे.

पुन्हा जोडणी

शू पुन्हा पुस्तकासारखे धरून बसविल्यावर कडे आणि लायनर ब्रेक क्लीनरने पुसावेत व त्यानंतर त्यांना ग्रीसचे बोट लागू देऊ नये. प्लेट हबमध्ये, चाक चिमट्यात, बुश जागेवर, एक्सल आरपार, हा क्रम उलट दिशेने सोपा आहे. मात्र एक्सलचा नट प्रथम हातानेच लावावा. पट्टी व रॉड जोडून घ्यावेत, कुणाला तरी पेडल घट्ट दाबून धरण्यास सांगावे, आणि तशा दाबलेल्या स्थितीत एक्सल आवळावा. घरातल्या मुलाला या कामी बोलावले तर, "बाबा, अजून किती वेळ?" असे तो दोनदा विचारील, पण तेवढ्या वेळात शू ड्रमला चोहोबाजूंनी सारखे टेकतात, प्लेट आपोआप मध्यभागी बसते, आणि चाक जोडल्यानंतर एकाच जागी घासल्याचा जो आवाज येतो तो पुष्कळदा येत नाही. पट्टीचा नट आवळून तिला स्प्लिट पिन नवीच घालावी. जुनी सरळ करून पुन्हा वापरण्यात बचत चार-आठ आण्यांची आणि जोखीम सबंध गाडीची.

मग नट. पेडलाला हाताने खाली दाबून पाहावे : ब्रेक लागू लागण्यापूर्वीची मोकळी चाल अशा गाड्यांत साधारणपणे २० ते ३० मि.मी. असावी. नटाच्या तोंडाला खोलगट खाच असते ती आर्ममधल्या पिनेवर नीट बसली पाहिजे. ती कडेवर टेकलेली राहिली तर पहिल्या खड्ड्यात नट खाचेत उतरतो आणि जुळविलेली चाल बदलते. चाक हाताने फिरविले असता मोकळे फिरावे, आणि पेडल दाबताच मागचा दिवा लागावा. पुढे कधी चेन ताणली की चाक मागे सरकते, रॉड आपोआप आवळला जातो, व ही चाल कमी होते. म्हणून चेननंतर ब्रेक हा क्रम कायमचा ध्यानात ठेवावा. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था, अथवा एबीएस, सक्तीची झाली आहे. ज्यांच्या मागच्या पेडलाने पुढचाही ब्रेक लागतो त्यांनी जुळणीचे काम पुस्तिका समोर ठेवूनच करावे. नवे शू ड्रमशी समरस होण्यास काही दिवस लागतात, तोवर जोराचे ब्रेक टाळावेत, आणि पहिली चाचणी मोकळ्या गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने घ्यावी.

हात धुण्यापूर्वी एक काम उरते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी तारीख, गाडीने कापलेले किलोमीटर, दोन्ही शूंची जाडी आणि बाण व खूण यांतील अंतर पेन्सिलीने लिहून ठेवतो; आणि वर्षभरात जेव्हा जेव्हा नट फिरवितो तेव्हा तेव्हा त्याखाली एक उभी रेघ ओढतो. गेल्या वर्षी नऊ रेघांना लायनर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक उतरले होते. यंदा मार्गशीर्षापर्यंतच अकरा रेघा झाल्या आहेत. तेव्हा मृगाची वाट न पाहता येत्या रविवारी चाक उतरवावयाचे ठरविले आहे.